एका डोळ्याचा सम्राट

खूप खूप वर्षांपूर्वी एका राजाच्या पदरी एक पोतदार होता. दरबारात येणारं प्रत्येक नाणं पारखायचं, हे त्याचं काम. माणूस हुशार, पण 'माहीत नाही' एवढं काही त्याच्या तोंडून निघत नसे. ते म्हटलं की डोक्यावरची पगडी गेलीच, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

एकदा राजवाड्याची बाग खणताना माळ्याला तांब्याचं एक नाणं सापडलं. त्यावर एक चेहरा होता आणि चेहऱ्याला डोळा एकच.

"पोतदार, हे कोण?" राजाने विचारलं.

पोतदाराने नाणं वाजवलं, दाताखाली धरलं, वास घेतला. वजनाला हलकं, मागची बाजू कोरी. असलं नाणं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. पण सगळा दरबार बघत होता ना!

"महाराज, हे सम्राट एकाक्ष," तो म्हणाला. "आपल्या घराण्याचे मूळपुरुष. डोळा लढाईत गेला."

झालं. राजा असा हरखला, की त्याने मूळपुरुषाचा उत्सवच मांडला. मांडव पडला, लाडू वळले, भाटाने पोवाडा रचला. भाट रोज काहीबाही विचारायचा आणि पोतदार सांगत सुटायचा. सम्राटाच्या घोड्याचं नावसुद्धा सांगून बसला. घरी गेल्यावर मात्र आज काय काय सांगितलं, ते विसरू नये म्हणून लिहून ठेवायचा.

उत्सवाला राजाच्या म्हाताऱ्या आत्याबाई आल्या. त्यांनी नाणं डोळ्यांजवळ धरलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"अरे, हा माझा गुंड्या. माझ्या ठकीचा नवरा. बाहुलीच्या लग्नात वऱ्हाडाला वाटायला आबासाहेबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, ही खेळातली नाणी पाडून घेतली होती."

"आणि लढाईत गेलेला डोळा?" राजाने विचारलं.

"कसली लढाई? मांजरीने उपटला."

पोतदाराने पगडी उतरवली.

"पगडी राहू द्या," राजा म्हणाला. "मांडव पडलाय, लाडू झालेत. आता लग्नच लावू. नवऱ्यामुलाचे वडील तुम्ही."

आत्याबाईंच्या पेटाऱ्यातून गुंड्या आणि ठकी निघाले. गुंड्याला मांडीवर घेऊन पोतदार घोड्यावरून गावभर मिरवला. कानपिळीच्या वेळी बाहुल्याला कानच नव्हते, म्हणून आत्याबाईंनी पोतदाराचा पिळला.

दुसऱ्या दिवशी एक बाई जुनं नाणं घेऊन आली. पोतदाराचा हात आधी कानाकडे गेला.

"माहीत नाही, बाई. चौकशी करून सांगतो."

पगडी जागच्या जागी होती.

तेव्हा लहानथोरांनो, 'माहीत नाही' म्हटल्याने कुणाची पगडी जात नाही; माहीत नसताना ठोकून दिलं, की कान मात्र दुसऱ्याच्या हातात जातो.