पायातला शब्द

“पायातून? इतका मोठा शब्द पायातून कसा येईल, आजी?”

एवाल्ड्सचा आवाज चढला होता. लॅटव्हियातल्या एका आडगावी, मिर्दझा आजीच्या चुलीपुढे तो बसला होता. लहानपणी माग चालवायला तो तिच्याकडेच शिकला. आता राजधानीत शब्दांची मुळं शोधत असे. आज तीन कोस दलदल तुडवत आला होता. काढून ठेवलेले बूट पाण्याने भरलेले, दोन्ही टाचा सोलून निघालेल्या.

आजीने पेटी उघडली आणि पांढरंशुभ्र लिननचं कापड बाहेर काढलं.

“औट्स म्हणजे फडकं,” तो सांगतच होता. “बाळाला गुंडाळतात तो औट्स. टेबलावर अंथरतात तो औट्स. मेल्यावर अंगावर घालतात, तोही औट्सच! आणि कोशकार म्हणतात, मूळ कशात? पायात घालण्यात. चिंध्या गुंडाळून बूट चढवायचे, त्यात! मी म्हणतो, मूळ विणण्यातच असणार. तुम्ही विणकर. तुम्ही एकदा हो म्हणा, पुस्तकात तुमचं नाव घालतो.”

टर्रकन आवाज झाला. आजीने कापडाची लांब पट्टी फाडली होती.

“पाय.”

तो ओशाळला. नव्वदीला टेकलेली म्हातारी खाली बसून त्याचा चिखलाचा पाय मांडीवर घेत होती... पट्टी टाचेभोवती फिरली. पांढऱ्यावर रक्त उमटलं.

इतक्यात उरलेल्या कापडाचा कोपरा त्याच्या गुडघ्यावर घसरला. त्यावर निळ्या दोऱ्याने अक्षरं भरलेली. मिर्दझा. पुढे जन्माचं साल. मग आडवी रेघ.

रेघेपुढे कोरं.

त्याने रेघेवर बोट ठेवलं.

“आजी... हे तर तुमचं...”

“हो. दोन हिवाळे लागले विणायला.”

“आणि फाडलंत? माझ्या पायांसाठी?” तो पाय ओढून घेऊ लागला. “सोडा! सोडा म्हणतो ना! शेवटी तुमच्या अंगावर काय घालायचं?”

आजीने घोटा सोडला नाही.

“मला उचलून नेतील. तुला चालत जायचंय.”

त्याने ओढलेला पाय सैल सोडला.

आजीने गाठ मारली. कापड पुन्हा हातात धरलं, फाडलं.

“दुसरा पाय दे.”