नाजा नाजाची पाटी

“काल किती ढोसली होतीस रे, बाबल?”

महाराज नागाच्या काचपेटीसमोर उभे होते. आत नाग फणा काढून बसलेला, बाहेर महाराज लालबुंद. दोघांपैकी जास्त चिडलंय कोण, हे बाबल चिताऱ्याला ठरवता येईना. पेटीवर त्यानेच आदल्या दिवशी रंगवलेली पाटी होती : ‘नाजा नाजा’.

“एक थेंब नाही, महाराज!”

“मग एकच नाव दोनदा कसं? शेजारच्या पाट्या बघ. नाजा कौथिया, नाजा ऑक्सियाना! पहिलं नाव कुळाचं, दुसरं ज्याचं त्याचं. साहेबांनी नीट समजावलं होतं आम्हाला. तुला एकाचे दोन दिसत होते!”

“महाराज, प्यायलो असतो तर चारदा लिहिलं असतं. मग माझा हात थांबतच नाही.”

महाराजांना प्राणी पाळायचा भारी नाद. त्यांच्या प्राणिबागेत एक प्राणिशास्त्रज्ञ साहेब पाहुणे म्हणून राहून गेले होते. साहेबांनी शास्त्रीय नावं सांगायची आणि बाबलने ती रंगवायची, असं काम चाललं होतं. अक्षरं आपली, अक्कल दुसऱ्याची, असा बाबलचा सरळ हिशोब. साहेब ‘नाजा नाजा’ म्हणाले, तेव्हा आपल्यासारख्या मठ्ठाला दोनदा सांगावं लागतं हे यांनाही कळलेलं दिसतं, असं त्याला वाटलं होतं. म्हणून त्याने पुन्हा विचारलं होतं. साहेबांनी हसून दोन बोटं दाखवली होती. आता ते फुलपाखरं धरायला कुठल्या रानात शिरले होते, कोण जाणे!

“आज दसरा. दरबार उठला की सगळे भाऊबंद बाग बघायला येणार,” महाराज गरजले. “आमचा नाग तोतरा आहे म्हणून गावभर सांगतील! पाटी पुसली तर शास्त्र खोटं पडतं आणि ठेवली तर आमचं हसं होतं. तेव्हा पुसायचीही नाही आणि आमचं हसंही होता कामा नये! एक नाव दोनदा का, ते दरबार उठायच्या आत आम्हाला पटवून दे. साहेबांनी सांगितलं म्हणून, हे उत्तर चालणार नाही. नाही जमलं, तर कुंचला मोडून वेशीबाहेर!”

महाराज निघून गेले. वेशीच्या आत तो संस्थानातला एकमेव चितारी होता, म्हणून त्याचं बरं चाललं होतं. वेशीबाहेर चांगले चितारी होते. आपलं काय होणार, हे त्याला लख्ख दिसलं.

“बाबा रे, तूच सांग आता,” तो काचेला नाक लावून म्हणाला.

नागाने फणा मिटला, वेटोळं केलं आणि डोकं खाली ठेवलं. आपल्या बोलण्याने सापालाही झोप येते, हे बाबलला आजच कळलं.

दरबार भरला. बाबल अगदी मागे, जोड्यांच्या ढिगाजवळ, अंग चोरून बसला. त्या दरबारात दसऱ्याला भाऊबंदांना मानाचा विडा देत. चोपदार आधी कुळाचं नाव पुकारी, मग घराचं.

“भालेघाटे खिंडकर!”

एक मिशाळ सरदार उठले, मुजरा करून विडा घेऊन बसले.

“भालेघाटे सोनवडेकर!”

हे जरा वेळाने उठले, कारण पोट आधी उठवावं लागत होतं. शेवटी चोपदार गादीकडे वळला, कमरेत वाकला आणि छप्पर दणाणेल असा ओरडला, “भालेघाटे भालेघाटे!”

महाराजांनी मिशीला पीळ भरला आणि विड्यासाठी हात पुढे केला.

दरवर्षी इथपर्यंत येता येता बाबलला डुलकी लागलेली असे. आज जिवाच्या भीतीने तो जागा होता. तो ताडकन उठला आणि दरबाराच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

“महाराज, चोपदाराला धरा! भर दरबारात ढोसून आलाय!”

चोपदाराच्या हातातून चांदीची काठी निसटता निसटता राहिली. “मी? अरे, मी माळकरी माणूस!”

“एकच नाव दोनदा घेतलं! सगळ्यांनी ऐकलं!”

“मूर्खा!” महाराज उसळून उभे राहिले. “ते मूळ घर! सगळे इथूनच निघाले. खिंडीत गेले ते खिंडकर झाले, सोनवड्याला गेले ते सोनवडेकर. आम्ही जागा सोडली नाही, तर दुसरं नाव आणणार कुठून? कुळाचं नाव तेच आमच्या घराचं नाव! ते दोनदा घेतात, हा मान आहे आमचा, मान!”

बाबलने हात जोडले. “मग महाराज, पेटीतल्यानेही आपली जागा सोडलेली नाही. कौथिया, ऑक्सियाना हे त्याचे भाऊबंद. मूळ घर त्याचं. त्याला दुसरं नाव या गरिबाने कुठून आणावं?”

मग सोनवडेकरांचं पोट हलू लागलं. महाराजांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, स्वतःचे ओठ आवळून धरले आणि पुढच्याच क्षणी गादीवर कोसळून खो खो हसू लागले.

“इतकी वर्षं हेच ऐकून मिशी पिळतोय आम्ही! आणि पाटीवर वाचलं तर आठवली काय, दारू! बाबल, खरं तर वेशीबाहेर आम्हीच जायला हवं!”

“नको महाराज, ऊन फार आहे.”

महाराजांनी डोळे पुसले, हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि चोपदाराला फर्मावलं, “याच्या कुळाचं मूळ घरही इथलंच. पुकार!”

चोपदाराने नाक मुरडलं, पण आवाज चढवला. “चितारी चितारी!”

बाबलने झटकन मागे वळून पाहिलं. आपल्याबरोबर आणखी कोणाला बोलावलंय, ते त्याला बघायचं होतं.