तिसरा फ्यूज

लढाई संपून बराच काळ झाल्यावर एका लष्करी रेडिओचा पॉवर सप्लाय पिराजी मिस्त्रीच्या टेबलावर आला. आतला जुना कंडेन्सर पराक्रम सांगून सांगून फुगला होता आणि आतून शॉर्ट झाला होता. आतल्या सगळ्या भागांना ते ठाऊक होतं. बोलत कोणीच नव्हतं.

बटण दाबलं की फ्यूज उडायचा. दोन उडाले, तिसरा बसला.

कंडेन्सर म्हणाला, "हल्लीच्या पोरांत दम नाही. आमच्या वेळी..."

तिसरा फ्यूज म्हणाला, "आजोबा, शॉर्ट तुम्ही आहात. ते दोघं उडाले म्हणून ट्रान्सफॉर्मरकाकू जळाली नाही. मीही उडणार."

काकू पुटपुटली, "मोठ्यांना असं बोलू नये, बाळा."

"बरं. मग पुढच्या वेळी माझ्या जागी जाड तार घाला. ती उलटून बोलत नाही, तुटतही नाही. तुम्ही जळाल तेवढं."

पिराजीने बटण दाबलं. फ्यूज उडाला.

"या फ्यूजच्या आईला!" म्हणत पिराजीने खरंच जाड तार उचलली. तेव्हा काकू किंचाळली, "तार नको! आजोबांना काढा!"

पिराजीने तार बाजूला टाकली, कंडेन्सर बदलला, सप्लाय रेडिओला जोडला आणि रेडिओ बोलू लागला.

काकूचं तोंड उघडायला तीन पोरं जावी लागली.