शिदबा परटाची पांढरी घडी

“कापड काळं का होतं?”

हा प्रश्न शिदबा परटाने पानवडच्या वेशीत उभं राहून विचारला. मग चावडीवर विचारला, देवळाच्या पायरीवर विचारला, आणि पाणवठ्यावर बायका होत्या तिथेही जाऊन विचारला. जवळ होते त्यांनी माना खाली घातल्या. लांब होते त्यांनी ऐकूच आलं नाही असं केलं. त्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, असं म्हणतात.

ऐका मग. लहान असाल तरी ऐका, म्हातारे असाल तरी ऐका. बाप्या माणसांनी उठून जाऊ नये. ही गोष्ट त्यांच्याचसाठी जास्त आहे.

फार वर्षांपूर्वी, वाकी नदीवर पूल नव्हता आणि पानवडात शंभर उंबरेही नव्हते, तेव्हा शिदबा गावाचं धुणं धुवायचा. वय वीस-एकवीस. दगडावर कापड आपटलं की पलीकडच्या टेकडीवरून आवाज परत यायचा. डाग बघून तो माणसाचा अख्खा दिवस सांगायचा. हा गुऱ्हाळावर जाऊन आला, हा बैलासकट चिखलात बसला, ह्याने बायकोला शेतात जातो म्हणून सांगितलं आणि ताडीच्या झाडाखाली लोळला. शिदबापुढे खोटं बोलावं, पण त्याच्याकडे धुणं टाकू नये, असं बायका हसून म्हणायच्या.

गावातलं एकच कापड त्याच्या दगडावर कधी आलं नव्हतं. बायकांचं ते कापड. ते त्या स्वतःच घाईघाईने धूत, आणि गोठ्यामागे, दुसऱ्या लुगड्याच्या खाली, कुणाची नजर पडणार नाही अशा ठिकाणी वाळत घालत. तिथे ऊनही पडत नसे. ते कापड वाळत नसे, नुसतं गार होत असे.

पोटुशी बाईच्या अंगावरून थोडं पांढरं जातं. देहाची रीतच आहे ती, त्यात आजार नाही. लुगडं ओलं होऊ नये म्हणून पानवडच्या बायका कापडाची घडी ठेवत. पण ती काळ्या नाहीतर गडद तांबड्या जुन्या लुगड्याची. पांढरं कापड विधवेचं. पोटुशीच्या अंगाला पांढरं लागलं तर धन्यावर संकट येतं, असा तेव्हाचा समज होता. म्हणून काळं. काळ्यावर काही दिसत नाही, हा त्याचा गुण समजला जायचा.

शिदबाची थोरली बहीण कौतिका. आईबाप पटकीत गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि शिदबा चार वर्षांचा. तिने त्याला वाढवलं. तिचं लग्न झालं, आणि पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यात ती माहेरी आली. माहेर म्हणजे शिदबाच. घरात दुसरं बाईमाणूस नाही. आठवडाभरात ती पाय फाकवून चालायला लागली. ओल्या, न वाळलेल्या कापडाने तिची कातडी सोलली होती, आग होत होती, वास येत होता. हे ती कुणाला सांगणार? शिदबाने तिला अंगणात बघितलं आणि म्हणाला, “आक्का, बदकागत काय चालतीस? अंडं घालतीस का काय?” ती हसली. तिने त्याला भाकरी वाढली.

आठवा लागला आणि एक दिवस कापड जरा जास्तच ओलं झालं. तिने बदललं. पुन्हा ओलं. रोजचंच असेल, असं तिला वाटलं. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला, आणि सहाव्या दिवशी दुपारी, जात्यावर दळण तसंच असताना, ती आणि तिच्या पोटातलं बाळ दोघंही गेली.

शिदबा रडला नाही. उभा होता तसाच उभा राहिला. तिला नेलं, तरी तो अंगणात उभाच. त्याच्या खांद्यावर चिमणी येऊन बसली आणि त्याने मान हलवली नाही, असं म्हणतात. शेवटी गावची सुईण साळूमावशी आली. तिने एक गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि नदीत सोडून ये म्हणाली.

इथेच ती चुकली. नाहीतर पानवडात अजून काळं कापड असतं. परटाच्या हातात कापड दिलं की तो सोडून देत नाही. शिदबाने दगडापाशी बसून गाठोडं सोडलं. आत कौतिकाची तीन काळी कापडं होती. त्याने ती पाण्यात बुडवली आणि पिळली.

त्या दिवशी वाकीचं पाणी वाहायचं थांबलं, असं म्हणतात. थांबून ते त्याला दाखवत राहिलं. पहिल्या पिळ्याला पेजेसारखं पांढरं आलं. दुसऱ्याला पिवळट. तिसऱ्याला नुसतं पाणी, पाणी, पाणी, जितकं पिळावं तितकं. मग शेवाळासारखं हिरवं. मग लाल. एकमेकांत न मिसळता सगळे रंग त्याच्या गुडघ्यापाशी उभे राहिले. शिदबाने बहिणीचे सहा दिवस वाचले. पोटातलं पाणी चार दिवस जात होतं. ते चार दिवस तिच्या अंगावर लिहिलेले होते, आणि काळ्यावर लिहिलेले होते.

तेव्हा त्याने तो प्रश्न विचारला. वेशीत, चावडीवर, देवळात, पाणवठ्यावर. साळूमावशी एवढंच म्हणाली की हे बायकांचं आहे, पुरुषाने यात पडू नये. हे काही उत्तर नव्हे.

माझीही थोरली बहीण अशीच गेली. ती या गावात नांदत नव्हती. तिच्या सासरी ही गोष्ट कुणाला ठाऊक नाही. असो. पुढे ऐका.

जत्रा आठ दिवसांवर आली होती. शिदबाच्या झोपडीत रावजी पाटलांची अकरा पांढरी धोतरं धुवायला आली होती, पातळ, मऊ, पोटच्या पोरासारखी जपलेली. शिदबाने त्यातलं पहिलं उचललं आणि टर्रकन फाडलं. मग दुसरं. अकरा धोतरं फाडल्याचा आवाज गावभर गेला, आणि झाडावरचे कावळेसुद्धा गप्प झाले, असं म्हणतात. त्याने हातभर लांब पट्ट्या केल्या, त्यांच्या वीतभर घड्या घातल्या आणि भट्टीला उकळल्या. सोड्याचा, साबणाचा अंश राहू नये म्हणून तीनदा स्वच्छ पाण्यातून काढल्या. आणि भर दुपारी, चावडीच्या खांबापासून देवळापुढच्या उंबराच्या झाडापर्यंत दोरी बांधून, सगळ्या तिच्यावर वाळत घातल्या.

गाव बाहेर आलं आणि जागीच थिजलं. पुरुषांनी डोळ्यांवर हात धरले. बायका घरात पळाल्या आणि फटीतून बघत राहिल्या. देवळासमोर, चारचौघांत, बायकांची कापडं, आणि तीही पांढरी.

रावजी पाटील आले. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग शिदबाकडे.

“शिदबा, माझी धोतरं कुठायत?”

“दोरीवर हायेत, मालक.”

“ही चिंध्यांची दोरी?”

“धोतरं तुम्ही जत्रंपुरती नेसला असता. ही आता गावच्या पोटुश्या बाया वापरतील.”

पाटलांनी त्याला सूर्य मावळायच्या आत गाव सोडायला सांगितलं. साळूमावशी गर्दीतून पुढे आली आणि तिने त्याला झापलं, की पांढरं लावून गावातल्या सवाष्णींचं कपाळ पुसतोस काय. शिदबा तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

“काळं वापरून आक्काचा धनी वाचला, मावशी,” तो म्हणाला. “आक्का नाही वाचली.”

इतक्या वर्षांत साळूमावशीने किती बायका पोचवल्या होत्या, त्या सगळ्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. ती तिथेच धुळीत बसली.

तेवढ्यात पाटलांच्या घराचं दार उघडलं आणि पाटलीण अंबूबाई बाहेर आल्या. बारा वर्षांत त्या सण सोडून कधी वाड्याबाहेर आल्या नव्हत्या. त्यांची सून गजरा सहा महिन्यांची पोटुशी होती आणि तीही चार दिवसांपासून पाय फाकवून चालत होती. घरात सगळ्यांना ते दिसत होतं, विचारलं कुणीच नव्हतं. अंबूबाई सरळ दोरीपाशी गेल्या. त्यांनी पदराची किनार दाताने तोडली, हिरवा दोरा काढला आणि एका घडीच्या कोपऱ्याला गाठ मारून बांधला.

“हे बघा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आता हे विधवेचं नाही. हिरवा दोरा आहे. आणि हा परीट गाव सोडणार असेल, तर तुमचं धुणं उद्यापासून तुम्हीच धुवा.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणी. पाटील घरात गेले. ते जत्रेत जुनं, ठिगळाचं धोतर नेसून पालखीपुढे चालले, आणि त्यांना पुढे कधी त्याची लाज वाटली नाही, असं म्हणतात.

साळूमावशी रोज दगडापाशी जाऊन बसू लागली. शिदबा तिला डाग वाचायला शिकवायचा आणि ती घरोघर बायकांना सांगायची. थोडं पांढरं, वास नाही, खाज नाही, तर भिऊ नकोस, तुझ्या अंगाचंच आहे. घडी ओली वाटली की बदल, दिवसभर तीच ठेवू नकोस, आणि निजताना अंगाला वारा लागू दे. कापड बाहेरच राहू दे, आत काही सारू नकोस. हिरवं-पिवळं दिसलं, वास आला, आग झाली, तर त्याच दिवशी सांग. लाल दिसलं, किंवा घडीमागून घडी पाण्याने भिजायला लागली, तर जात्यावरचं दळण तसंच टाक आणि गाडी जुंपायला सांग. गजराने एकदा हौसेने घडीला अत्तर लावलं आणि दोन दिवस तळमळली. शिदबा म्हणाला, “वहिनी, हे कापड आहे, नवरदेव नाही.” तेव्हापासून पानवडात घडीला वास लावत नाहीत.

आणि गजराच्याच आठव्या महिन्यात घडीमागून घडी भिजू लागली. पाचव्या घडीवर पुसटसं हिरवं उमटलं. पांढऱ्यावर ते लांबूनही दिसत होतं. गजरा स्वतः ओसरीवर आली आणि सासऱ्यांच्या देखत म्हणाली, “मामंजी, गाडी काढा.” डॉक्टर पल्याडच्या गावी होता आणि वाकीला पूर होता. बैल पाण्यात पाय घालेनात. शिदबा ती घडी उंच धरून गाडीपुढे पाण्यात उतरला. त्याच्या हातातल्या पांढऱ्याकडे बघत बैल निघाले, आणि पाणी चाकाच्या आसाच्या वर चढलं नाही, असं म्हणतात. संध्याकाळी मुलगी झाली. छोटीशी, पण रडणारी. आई वाचली.

आज पानवडात डोहाळजेवण असलं की ओटी भरायच्या आधी भाऊ येतो. सख्खा नसेल तर मानलेला येतो. त्याच्या हातात पांढऱ्या घड्यांचं बोचकं असतं, आणि ते तो उपरण्याआड, पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून आणत नाही. उघडं आणतो. हल्ली औषधाच्या दुकानातलं पाकीट आणतात, बिनवासाचं, मऊ सुती. त्याला हिरवा दोरा बांधलेला असतो. भाऊ सगळ्यांच्या देखत विचारतो, “आक्का, कापड काय म्हणतंय?” आणि बहीण सगळ्यांच्या देखत सांगते. कुणी हसलं तर त्याला जेवायला वाढत नाहीत. चावडी ते उंबर अशी ती दोरी अजून आहे, वर्षातून एकदा नवी बांधतात, आणि तिच्यावर कुणाचंही कापड कुणीही वाळत घालावं. तिला शिदबाची दोरी म्हणतात.

शिदबा फार जगला नाही. गजराची मुलगी अकरा वर्षांची झाली त्या साली श्रावणात बावीस दिवस झड लागली. ऊन म्हणून नाही. लाकडं भिजली, भट्टी विझली. गावात सात बायका पोटुश्या होत्या आणि धुतलेली एकही घडी वाळत नव्हती. शिदबा हिवतापाने चार दिवस पडून होता. अंग तव्यासारखं तापलं होतं. सकाळी साळूमावशी काढा घेऊन आली तर तो उठून बसला होता आणि ओल्या घड्या स्वतःच्या उघड्या छातीला, पाठीला, पोटाला, दंडांना गुंडाळत होता. मावशी ओरडली, की मरशील. तिने त्याचे हात धरले.

“अंगात ऊन आहे तोवर वापरून घ्या, मावशी,” तो म्हणाला.

ती बाजूला बसून राहिली. एक घडी वाळली की ती सोडायची आणि तिथे दुसरी ओली बांधायची. दुपारपर्यंत सहा बायकांच्या घड्या झाल्या आणि घरोघर पोचल्या. सातव्या बाईच्या वाट्याच्या तिने सोडायला घेतल्या तेव्हा शिदबाचं अंग गार पडलं होतं. घड्या कोरड्या होत्या, आणि भर दुपारच्या उन्हातून काढल्यासारख्या गरम होत्या.