दुसरा सांगाडा

टेकडीला टेकून एक इंजिनीअरिंग कॉलेज होतं, आणि त्या कॉलेजात श्रीरंग नावाचा एक तरुण दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम करायचा.

म्हणजे तो स्वतः पीएचडी करत होता, पण त्याबरोबर एम.टेक.च्या वर्गाच्या असाइनमेंट तपासायचं कामही त्याच्याकडे होतं. पोरगा हुशार. मनानंही वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला राक्षस ठरवाल. अहो, राक्षस असता तर ही गोष्ट सांगायची गरजच नव्हती. राक्षसांपासून आपण सावध असतोच.

विषय शिकवायच्या इनामदार मॅडम. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आधीच्या एका सहायकानं गुण चुकीचे चढवले, तर त्यांनी भर वर्गात त्याची खरडपट्टी काढून त्याला घरी पाठवलं होतं. श्रीरंगचा प्रबंध याच मॅडमच्या हाताखाली चालला होता. त्यांची सही झाली तर तो डॉक्टर, नाही तर वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात. त्यामुळे मॅडमसमोर ‘हो मॅडम’ आणि ‘करतो मॅडम’ यापलीकडे त्याची जीभ वळत नसे.

त्या सत्रात एक अवघड असाइनमेंट होती. पाच संगणक एकमेकांशी बोलतात. त्यातला एखादा मध्येच बंद पडला तरी उरलेल्यांनी मिळून एकच निर्णय घ्यायचा, असा प्रोग्राम लिहायचा. असलं काम कोणी कोऱ्या पाटीवरून सुरू करत नाही. सुरुवातीचा भाग कॉलेजच तयार करून देतं. त्याला तिथे ‘सांगाडा’ म्हणायचे. सांगाडा सगळ्यांचा सारखा, बाकीचं ज्याचं त्यानं भरायचं.

वर्गातले दोघं मात्र प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत आलेले. एक प्रणीत, नुकतीच पदवी घेतलेला घाबरट मुलगा. दुसऱ्या हेमलता चौरे. या बाई पस्तिशीच्या. एका तालुक्याच्या गावी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायच्या आणि एम.टेक. करायला रजा घेऊन आल्या होत्या. वर्गातल्या पोरांपेक्षा मोठ्या, श्रीरंगपेक्षाही मोठ्या, तरी त्याला ‘सर’ म्हणायच्या. तो अवघडून त्यांना ‘ताई’ म्हणायचा. त्यांचे वडील, घरात सगळे त्यांना ‘दादा’ म्हणायचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. आयुष्यभर पोरांना कॉपी करू दिली नाही, म्हणून गावात कुणी त्यांना मानायचं, कुणी शिव्या घालायचं. लेक एवढ्या मोठ्या कॉलेजात शिकते, हे ते एसटीत शेजारी बसलेल्यालाही सांगायचे.

उशिरा आल्यामुळे या दोघांच्या आधीच्या असाइनमेंट बुडाल्या होत्या, आणि वर्गाचा सांगाडा त्या असाइनमेंटवरच उभा होता. म्हणून मॅडमच्या सांगण्यावरून श्रीरंगनं या दोघांपुरता वेगळा सांगाडा लिहून दिला. त्यात मागचा बुडालेला भागही आयता घातला, त्यामुळे तो चांगलाच लांबलचक झाला. दिला आणि विसरून गेला.

असाइनमेंट जमा झाल्या. नेहमीप्रमाणे श्रीरंगनं त्या कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या. हे सॉफ्टवेअर प्रत्येकाचा प्रोग्राम दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून बघतं आणि सारखेपणा किती ते सांगतं. पण त्याला आधी सांगावं लागतं, की बाबा रे, हा एवढा भाग आम्हीच दिलेला आहे, हा मोजू नकोस. श्रीरंगनं वर्गाचा सांगाडा वगळायला सांगितला. दुसरा राहून गेला.

आणि निकाल आला, तो असा: अख्खा वर्ग स्वच्छ, फक्त हेमलता चौरे आणि प्रणीत यांचे प्रोग्राम सत्तर टक्के सारखे.

मॅडमनी दोघांना केबिनमध्ये उभं केलं. श्रीरंग बाजूला होताच. प्रणीतची तर पाचावर धारण बसली.  हेमलताताई मात्र शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, मी एकटीनं केलंय. आम्हाला दिलेला सांगाडा एकच होता, तो तर मोजला गेला नसेल?”

“सांगाडा आम्ही वगळतो, चौरे बाई. एवढं कळतं आम्हाला.” मॅडमनी मान वळवली. “श्रीरंग, वगळला होतास ना?”

“हो मॅडम,” श्रीरंग म्हणाला.

आता यात तो खोटं बोलला नाही बरं का. त्याच्या डोक्यात त्या घडीला एकच सांगाडा होता, आणि तो त्यानं खरंच वगळला होता. माणसाच्या तोंडून पहिल्यांदा चुकीचं निघतं ते असंच, भोळेपणानं.

मॅडमनी नियम वाचून दाखवला. कबूल केलं तर त्या असाइनमेंटला शून्य, बाकी काही नाही. नाकारलं आणि समितीनं दोषी धरलं तर एक वर्ष बाहेर, आणि गुणपत्रिकेवर ‘कॉपी’ असा शेरा. “विचार करा आणि दुपारपर्यंत सांगा,” असं म्हणून त्यांनी दोघांना घालवलं.

श्रीरंग आपल्या जागेवर येऊन बसला. चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच राहिला. ‘आम्हाला दिलेला सांगाडा,’ ताई म्हणाल्या होत्या. आम्हाला. त्या दोघांसाठी वेगळा लिहिलेला सांगाडा त्याला आठवला. त्यानं घाईघाईनं दुसरा सांगाडा वगळून सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. सारखेपणा चार टक्के. म्हणजे काहीच नाही. एवढं तर कुणाचंही कुणाशी जुळतं.

चूक त्याची स्वतःची होती. तरी तो उठला, हे लक्षात ठेवा. सरळ मॅडमच्या केबिनकडे निघाला. वाटेत मनात वाक्यं जुळवत होता, ‘मॅडम, माझी चूक झाली.’ बस, एवढंच तर म्हणायचं होतं.

केबिनच्या दाराशी पोचतो तो आतून प्रणीत बाहेर आला. डोळे लाल, नाक पुसत होता. श्रीरंगकडे न बघता निघून गेला.

“ये,” आतून मॅडम म्हणाल्या. “मिटलं एकदाचं. प्रणीतनं कबूल केलं. म्हणाला, मी माझा प्रोग्राम त्यांना दिला, त्यांनी मागितला म्हणून. आणि त्या बाई अजून नाहीच म्हणतायत. शिक्षिका आहे म्हणे! तुझं काय काम होतं?”

 झालेलं श्रीरंगला स्पष्ट दिसत होतं. पोरानं भीतीपोटी न केलेला गुन्हा कबूल केला होता, आणि स्वतःला वाचवायला ताईंना त्यात ओढलं होतं. हे तिथे फक्त श्रीरंगला माहीत होतं. मॅडम आणि तो, मध्ये एक टेबल. त्या टेबलावर त्याच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण पडलेलं, अजून सही न झालेलं.

“काही नाही, मॅडम,” तो म्हणाला.

अरे कर्मा! ‘काही नाही’ म्हणे!

बाहेर आल्यावर मन लागलंच वकिली करायला. मन ही भारी चतुर चीज आहे. म्हणालं, प्रणीतनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय ना? मग कशावरून खरंच दिला नसेल? चार टक्के म्हणजे शून्य तर नव्हे. आणि समिती बसणारच आहे, ती बघेल की. तू कशाला मध्ये पडतोस? श्रीरंगनं हे सगळं ऐकून घेतलं. त्याला ते पटलं नाही, पण सोयीचं वाटलं.

समिती बसायच्या आदल्या दिवशी हेमलताताईंनी त्याला लायब्ररीच्या पायऱ्यांवर गाठलं. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, “सर, रागावू नका, एकदाच विचारते. आमचा सांगाडा तुम्ही नक्की वगळला होतात ना?”

पुन्हा संधी आली होती, आणि या खेपेला समोर मॅडमही नव्हत्या. एक माणूस दुसऱ्या माणसाला विचारत होता, आणि उत्तर त्याच्या ओठांवर होतं.

“हो ताई,” श्रीरंग म्हणाला. “नक्की.”

हे मात्र खोटं होतं. त्याला ठाऊक असलेलं, निखळ खोटं.

ताईंनी मान हलवली. “मग माझंच काही चुकलं असेल,” असं काहीसं पुटपुटत त्या पायऱ्या उतरून गेल्या. श्रीरंगला त्या रात्री जेवण गेलं नाही. बिचारा! एक जेवण गेलं नाही, एवढीच त्याला झळ लागली.

समितीसमोर एका बाजूला कबुली होती, दुसऱ्या बाजूला नकार. सॉफ्टवेअरचा आकडा कबुलीच्या बाजूनं. समिती काय करणार? हेमलताताईंना वर्षासाठी काढलं, शेरा लागला. त्यांच्या पॉलिटेक्निकला कळवणं नियमात होतं, ते कळवलं. तिथल्या संचालकांनी हात जोडले, म्हणाले, कॉपी केलेल्या बाई आम्ही वर्गावर कशा उभ्या करणार? नोकरी गेली. खोलीतलं सामान घेऊन त्या गावी परतल्या. निघताना श्रीरंगला भेटायला आल्या होत्या म्हणे, पण त्यानं ‘तो बाहेर गेलाय’ असं सांगायला लावलं.

दिवस गेले. श्रीरंगचं एकेक प्रकरण पुढे सरकलं. मॅडमच्या सह्या होत गेल्या. प्रबंध जमा झाला, तोंडी परीक्षा झाली, लोकांनी पेढे खाल्ले. आणि मग, नावापुढे ‘डॉक्टर’ लागल्यावर, आता आपलं कुणी काही वाकडं करू शकत नाही अशी खात्री झाल्यावर, या गृहस्थाच्या सदसद्विवेकबुद्धीला जाग आली. किती वेळेवर!

तो मॅडमकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. त्याला वाटलं, आता वीज कोसळणार. मॅडम ओरडल्याच नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“त्या दुपारी सांगितलं असतंस,” त्या म्हणाल्या, “तर मी तुला फाडून खाल्लं असतं. आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते. त्या आधीच्या सहायकाला मी काढलं ते चूक केली म्हणून नाही रे, ती लपवली म्हणून.”

मग त्या कामाला लागल्या. प्रणीतला बोलावून खरं वदवून घेतलं. समिती पुन्हा बसवली. शिक्षा रद्द, शेरा रद्द, जागा परत. तसं पत्र तयार करून त्यांनी श्रीरंगच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “पोस्टानं नाही पाठवायचं. स्वतः जा.”

श्रीरंग गेला. खरं सांगायचं तर तो बराचसा हलका होऊन गेला. चूक आपण केली, आपणच निस्तरली, असं त्याला वाटत होतं. ताई रागावतील, रडतील, पण शेवटी खूश होतील असा हिशेब त्यानं एसटीत बसल्या बसल्या मांडला होता.

हेमलताताई भावाच्या बी-बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. श्रीरंगला बघून उठल्या, स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. त्यानं पत्र पुढे केलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली.

“तुम्हाला कळलं कधी?” त्यांनी विचारलं.

“त्याच दुपारी.”

“मी पायऱ्यांवर विचारलं त्याच्या आधी?”

“हो.”

 गिऱ्हाईक आलं, मेथीचं बी मागितलं. त्यांनी पुडा काढून दिला, सुटे परत केले आणि पुन्हा येऊन बसल्या.

“तुम्ही नक्की म्हणालात ना सर, त्यानंतर मी स्वतःलाच धुंडाळत बसले. यंत्र खोटं बोलत नाही, तुम्ही खोटं बोलत नाही, प्रणीत तर सांगतोय. मग खोटं कोण? मीच. लॅबमध्ये त्याच्या मागनं जाताना नजर पडली असेल का? दिवसचे दिवस आठवत राहायचे. शेवटी वाटायला लागलं, पडली असणारच.” त्यांचा आवाज जराही चढला नाही. “घरी आल्यावर दादांनी एकच विचारलं, ‘तू केलंस का?’ मी म्हटलं, ‘केलं असेन दादा, मला आठवत नाही.’”

श्रीरंगनं वर पाहिलं.

“त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. माझ्याशी बोलले नाहीत. मागच्या पोळ्याला गेले. जाताना भावाला म्हणाले, मी जगाच्या पोरांना शिकवलं, घरातच कमी पडलो.”

दुकानात खतांचा उग्र वास भरून होता. श्रीरंग म्हणाला, “ताई, तुमची जागा परत मिळालीय. पुढच्या सत्रापासून...”

“ती घेईन की नाही ते बघेन मी.” त्यांनी घडी केलेलं पत्र उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. “पण हे आता दादांना कुठे जाऊन वाचून दाखवू, तेवढं सांगा.”

  श्रीरंग आता मोठ्या कॉलेजात शिकवतो, पोरं त्याला घाबरतात, आणि चूक कबूल करायला कुणी आलं की तो हातातलं काम टाकून आधी त्याचं ऐकून घेतो. पण त्यानं हेमलताताईंचं काही भरून आलं नाही.

तात्पर्य एवढंच: आपली चूक कळताक्षणी सांगितली तर ती नुसती चूक असते, आपली सोय झाल्यावर सांगितली तर तो अपराध असतो, आणि तोवर त्याची शिक्षा दुसऱ्याच कुणीतरी भोगलेली असते.