मागच्या सीटवरचे हात

“मग चूक कुठं आहे, ते तरी सांगा की, चीफ!”

चीफनी हातातलं छोटं विमान खिडकीच्या उजेडाकडे फिरवलं आणि पुन्हा बघत बसले.

डॉक्टर केतकी हुपरीकर उभ्याच होत्या. कोल्हापुरात त्यांचा दातांचा दवाखाना आहे. दर रविवारी आंबोलीचा घाट उतरून त्या सावंतवाडीला चीफकडे यायच्या, लहान विमानं करायला शिकायच्या. चार वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता. त्या दिवशी खोकं मांडीवर घेऊन आल्या होत्या, आणि खोक्यात त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं.

असं त्याच म्हणत होत्या. पण खोटं नव्हतं.

चीफ म्हणजे पुंडलिक चितारी. घराणं लाकडी खेळणी करणारं. वडील लाकडाची फळं रंगवायचे. मुलगा आरमारात गेला, तीस वर्षं जहाजावरच्या लढाऊ विमानांची दुरुस्ती केली, आणि चीफ होऊन घरी आला. आता वडिलांच्याच मेजावर ती विमानं वीतभर आकारात करतात. हिंदी, इंग्रजी सगळं येतं, पण कामाला बसले की मालवणीच, आणि तीही मोजकी.

मी रेडकर. पोस्टातून निवृत्त. चीफचा सगळ्यात जुना शिष्य आणि सगळ्यात ढ. अकरा वर्षं येतोय, त्यातली तीन एकच विमान करतोय. त्याला अजून चाकं नाहीत.

त्या रविवारी काय पणाला लागलं होतं, ते आधी सांगतो. आरमाराच्या एका प्रशिक्षण केंद्राने चीफकडे मॉडेल मागितलं होतं. दोन सीटांचं सी हॅरिअर, ज्यावर शिकाऊ वैमानिक तयार व्हायचे ते. चीफचे हात आता थरथरतात, म्हणून त्यांनी काम डॉक्टरांना दिलं. अट एकच. आरमारात दुरुस्तीनंतर चीफची सही झाल्याशिवाय विमान धावपट्टीवर जात नसे. इथेही तसंच. चीफच्या वहीत सही झाली, तर विमान केंद्राच्या दालनात जाणार आणि खाली डॉक्टरांच्या नावाची पट्टी लागणार. नाही झाली, तर कपाटात. अकरा वर्षांत तीन सह्या झाल्यात. त्यातली एकही माझी नाही, हे सांगायला नकोच.

“सांधो खंय?” चीफनी विचारलं.

“शोधा तुम्हीच.”

चीफनी डोळे मिटले. बोटाचं टोक विमानाच्या नाकावरून मागे मागे नेलं.

आता हा सांधा काय चीज आहे, ते ऐका. बाजारात किट मिळतं ते एका सीटच्या विमानाचं. दोन सीटांचं हवं, तर त्याचं नाक करवतीने कापून टाकायचं आणि त्या जागी रेझिनमध्ये ओतलेलं नवं, लांब नाक जोडायचं. करवत केसभर तिरकी गेली की किट वाया. रेझिन ठिसूळ, घासताना पाण्यात बुडवून घासायचं, नाहीतर भुकटी छातीत जाते. शिवाय नाक लांबवलं की शेपूटही लांबवायचं, नाहीतर खऱ्या विमानाचा तोल जातो. डॉक्टरांनी शेपूटही जोडलं होतं. माझ्या विमानाचा सांधा मला चष्म्याशिवाय दिसतो.

“सांधो गावलो नाय,” चीफ डोळे उघडून म्हणाले.

एवढी स्तुती मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. डॉक्टरांची मान ताठ झाली. गर्वाचं घर खाली म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा ते नाक बघायला हवं होतं. मला त्यांचा हेवा वाटला, आणि अभिमानही वाटला. आमच्याच मेजावरचं काम होतं ना ते!

“आणि खरं काम तर पुढंच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “मागची सीट बघा. भिंग घ्या.”

चीफनी भिंग घेतलं.

“नव्या नाकाच्या सेटमध्ये दोन माणसं आली होती. पुढचा ठीक होता. मागचा मात्र दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसता बसलेला. देवळात कीर्तनाला बसल्यासारखा! मी त्याचा उजवा हात कापला. नवा कोरला. चार बोटं, अंगठा, सगळं. त्याच्यापुढची विमान चालवायची दांडी घट्ट पकडलीय बघा त्यानं. तांदळाच्या कणीएवढा हात आहे, चीफ. नऊ दिवस लागले.”

चीफ भिंगातून बघत राहिले…

“पुढे कोण?”

“शिकाऊ वैमानिक.”

“मागे?”

“त्याचा मास्तर.”

“विमान कोण चालवता?”

“शिकाऊ.”

“मगे ह्यो हात कित्याक?”

“अहो, पोरगं चुकलं तर? सावरायला नको?”

“होया.”

“मग हात दांडीवर पाहिजेच की!”

चीफनी भिंग खाली ठेवलं. विमान अलगद मेजावर टेकवलं.

“ह्या उडूचा नाय.”

माझ्या हातात वही तयार होती. मी ती परत फळीवर ठेवली.

डॉक्टर लाल झाल्या. “एवढ्याशा हातासाठी? नाक बघा, शेपूट बघा, रंग बघा! देशात असं काम करणारी दहा माणसं नसतील. मी सांगते म्हणून नाही, कुणालाही विचारा. आणि हात काचेच्या आत आहे, चीफ. भिंग घेऊन कोण बघणार?”

“रोज सकाळी पोरां त्या दालनातसून जातली. शिकणारी.”

“बरं मग?”

“तेंचे मास्तरय जातले.”

मी असतो, तर खोकं उचललं असतं आणि थेट एसटी स्टँड गाठलं असतं. डॉक्टरांनीही खोक्याकडे हात नेला. मग तो हात तिथेच राहिला. बराच वेळ त्या विमानाकडे बघत होत्या, आणि डोळे भरले होते. रागाने की दुःखाने, मला कळलं नाही. दोन्ही असेल.

“काच काढावी लागेल,” शेवटी म्हणाल्या.

“होय.”

“पक्की चिकटवलीय. वर पुट्टी, वर रंग. सेटमध्ये एकच काच येते. परदेशातून यायला चार महिने लागले होते. फुटली तर…”

चीफनी भिंगाची काच सदऱ्याला पुसली.

“तुम्ही काढून देता का? तुमच्याइतकं कुणाला जमणार?”

चीफनी स्वतःचे हात बघितले. मग मेजासमोरचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

“बस, बाय.”

डॉक्टर बसल्या. चीफ त्यांच्या बरोबर मागे, खेळण्यांच्या जुन्या उंच पेटीवर बसले. दोन्ही हात खाकी हाफ पँटच्या गुडघ्यांवर ठेवले.

“काढ.”

डॉक्टरांनी दात कोरायचं बारीक हत्यार काढलं. विमान मऊ फडक्यावर ठेवलं आणि काचेच्या पुढच्या टोकाला पातं लावलं.

पुढच्या टोकाला! पुढून मी स्वतः तीन काचा फोडल्या आहेत. पुढे काच अगदी पातळ असते. धरायची ती मागच्या कोपऱ्यातून.

उचलली जीभ लावली टाळ्याला. “अहो डॉक्टर, मागून…”

चीफनी माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. पुढचा शब्द मी गिळला.

पातं आत सरकलं. डॉक्टरांनी किंचित जोर दिला.

कट्…

बारीकच आवाज आला. काचेच्या खालच्या कडेला केसाएवढी चीर गेली होती. मी डोळे मिटून घेतले. उघडून चीफकडे बघितलं, तर ते होते तसेच बसलेले. हात गुडघ्यांवर. तोंडावर काही नाही. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू! एक शब्द टाकला असता, तर एवढ्या चांगल्या कामाला चीर गेली नसती. असला कसला गुरू, असं मनात आलं.

डॉक्टरांनी पातं बाहेर काढलं. हात मेजावर टेकले.

मग त्यांनी मागे वळून बघितलं. “चीफ, आता?”

चीफ त्यांच्याकडे बघत होते. हात गुडघ्यांवरच.

डॉक्टर परत वळल्या. काच चारही बाजूंनी नीट न्याहाळली. बोटाने हलकेच टिचकी मारून बघितली, इथे एक, तिथे एक. दवाखान्यात दात वाजवून बघत असतील तशी. मग आपण होऊन विमान फिरवलं, आणि पातं मागच्या कोपऱ्याला लावलं.

अर्धा तास गेला. मी चहाला उठलो नाही, आणि हे माझ्या बाबतीत सांगण्यासारखं आहे.

काच सुटली. अख्खी.

मग बारीक करवत. मास्तराचा उजवा हात दांडीवरून सुटून फडक्यावर पडला. नऊ दिवसांचं काम होतं ते. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “काय सुंदर झाला होता हो.”

“होय,” चीफ म्हणाले.

उरलेल्या रेझिनच्या तुकड्यातून त्यांनी नवा हात कोरायला घेतला. दोनदा बिघडला. एकदा अंगठा तुटला, एकदा हातच चिमट्यातून निसटून जमिनीवर गेला आणि गावला नाही. तिसऱ्यांदा त्या नुसत्या थांबल्या. स्वतःचा हात गुडघ्यावर ठेवला आणि तो कसा दिसतो ते बघत बसल्या. बोटं किती वाकतात, मनगट कुठे टेकतं. बऱ्याच वेळाने परत पातं उचललं.

हा हात लवकर झाला.

मास्तराच्या गुडघ्यावर तो बसला, तेव्हा मी भिंग घेऊन बघितलं. नऊ दिवसांच्या हातापेक्षा हा साधा होता. पण मागे बसलेला माणूस मघाशी ओढाताण करतोय असं वाटत होतं, आता तो पुढच्या पोराकडे बघतोय असं वाटलं. मला यातलं फार कळत नाही. मला वाटलं ते सांगितलं.

काच परत बसली. चीर नेमकी खालच्या पट्टीत आली होती, पट्टी रंगवली तशी ती झाकली गेली. रंग वाळला, तोवर आमचा चहा झाला.

चीफनी विमान घेतलं. उजेडाकडे फिरवलं. भिंग लावलं. डॉक्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“रेडकरानू, वही हाडा.”

मी पळत वही आणली. चीफनी सही केली. तारीख घातली. चौथी सही! माझाच नंबर लागल्यासारखा मला आनंद झाला. डॉक्टरांनी वही हातात घेतली, सहीवरून बोट फिरवलं, आणि एकदम हसल्या. रडल्याही.

“बघितलंत ना, रेडकर?” त्या म्हणाल्या. “काच मी काढली. हात मी कोरला. चिरेवर तोड मी शोधली. चीफनी एकदाही हात लावला नाही. सगळं मी केलं!”

ती बढाई नव्हती. मी साक्षीला होतो. अक्षर अन् अक्षर खरं होतं.

चीफ पेटीवरून उठले. उठताना त्यांचे हात गुडघ्यांवरून निघाले, आणि मला दिसलं. त्यांच्या खाकी पँटवर, दोन्ही गुडघ्यांवर, घामाचे दोन ओले पंजे उमटले होते. दहाच्या दहा बोटं वेगवेगळी दिसत होती. नखं रुतून कापड चुरगळलं होतं.

डॉक्टरांनाही दिसलं. त्यांचं हसू थांबलं.

“चीफ… तुम्ही…”

चीफनी दोन्ही तळवे पँटला पुसले.

“मनात सतरांदा लावलंय, बाय.”