कृष्णजंघाच्या फरशा

एका राज्यात पक्षी माणसांशी बोलत असत आणि माणसे त्यांचे ऐकत असत. तिथला राजा पृथुसेन दरबारात एकटाच बसला असताना कृष्णजंघ नावाचा मांत्रिक दाराशी आला. त्याने अर्धे राज्य मागितले. राजाने नकार दिला. मांत्रिकाने फुंकर मारली, तशी दालनातली सारी फरशी धूर होऊन उडून गेली आणि खाली काळी माती उरली.

सेनापती वज्रबाहू आत धावला. मातीला पाय लागताच तो कमरेपर्यंत दगड झाला. शिपायांनी दोर टाकून त्याला बाहेर ओढले. राजा मधल्या चौथऱ्यावर अडकून पडला.

राजकन्या शाल्मली धावत आली. मांत्रिक तिला म्हणाला, "माझ्या डोंगराची दोन हात चौरस फरशी बसवलीस, तरच ही माती निवेल. मागणी एकदाच. एक जरी कमी पडली, तर तुझा बाप दगड होईल. जितक्या अखंड उरतील, तितकी तुझी माणसे दगड होतील. नाहीतर माझे पाय धर."

"पाय धरणार नाही," शाल्मली म्हणाली. "मोजून मागेन."

"आत पाय ठेवता येत नाही. मोजशील कशी?"

तिने राजवाड्यातल्या साळुंकीच्या चोचीत दोरा दिला. साळुंकी भिंतीपासून भिंतीपर्यंत उडाली. दालन लांबीला तीस हात भरले, रुंदीला वीस. फरशी दोन हात चौरस. म्हणजे एका ओळीत पंधरा, अशा दहा ओळी, दीडशे फरशा.

मग साळुंकीने चौथरा मोजला. सहा हात लांब, चार हात रुंद. तिथे फरशी लागणार नव्हती. सहा वजा झाल्या, एकशे चव्वेचाळीस राहिल्या.

तिसऱ्या फेरीला साळुंकी ओरडली, "बाईसाहेब, पूर्वेची भिंत तिरपी आहे!"

म्हणजे प्रत्येक ओळीची शेवटची फरशी छिन्नीने कापावी लागणार, आणि कापताना काही फुटणार. किती फुटतील, ते कोण सांगणार? कृष्णजंघ हसला. त्याचा सापळा हाच होता.

"एकशे चव्वेचाळीसच माग!" राजा चौथऱ्यावरून ओरडला. "माझ्यापायी प्रजेचा जीव टांगणीला लावू नकोस."

"नाही, बाबा. तुम्हालाही दगड होऊ देणार नाही आणि प्रजेलाही होऊ देणार नाही." शाल्मली मांत्रिकाकडे वळली. "एकशे साठ आण."

मांत्रिकाने टाळी वाजवली. निळ्या फरशांची रास दारात पडली. शाल्मलीने पदर खोचला आणि पाथरवटांबरोबर स्वतः कामाला बसली. बसवलेल्या फरशीवर उभे राहायचे, पुढची बसवायची, असे ते भिंतीपर्यंत गेले. तिरप्या भिंतीशी छिन्नी चालू लागली. तडकन एक फुटली. मग दुसरी. राजा प्रत्येक आवाजाला डोळे मिटून घेई. तिची बोटे सोलवटली, पण हात थांबला नाही. सात फुटल्या आणि दालन भरले.

दारात नऊ अखंड फरशा पडून होत्या.

"नऊ माणसे," कृष्णजंघ म्हणाला आणि त्याने हात उचलला.

"थांब. काम संपले असे मी म्हटलेले नाही."

शाल्मली उंबरा ओलांडून बाहेर गेली. फिर्याद घेऊन येणारे लोक तिथे चिखलात उभे राहत. तिने तीन ओळींत तीन-तीन फरशा तिथे बसवल्या.

"हा दरबार नव्हे!" मांत्रिक किंचाळला.

"प्रजा उभी राहते तो दरबारच. आता मोज. काय उरले?"

मांत्रिकाने मोजले. पुन्हा मोजले. काहीच उरले नव्हते. त्याचा मंत्र घशातच विरला आणि पुन्हा कधी त्याच्या तोंडी आला नाही. मातीतला शाप निवला. राजा चौथऱ्यावरून उतरून लेकीपाशी आला आणि तिचे सोललेले हात त्याने आपल्या हातांत घेतले.

वज्रबाहूच्या पायांत रक्त खेळू लागले. तो लंगडत आला आणि बाहेरच्या नऊ फरशांवर ताठ उभा राहिला.

"महाराज," तो म्हणाला, "माझी या मांत्रिकाविरुद्ध फिर्याद आहे."

"सांगा," राजा म्हणाला. आणि दरबार सुरू झाला.